शेऱ्याचा रकाना

तुलनातक्त्यात रकाने सात.
दर, वजन, मुदत, भाडं, कर,
पैसे कधी द्यायचे,
आणि शेवटी शेरा,
जो कुणी वाचत नाही.

किलोमागे एकवीस रुपयांनी जिंकला होता
समुद्रापलीकडचा माल.
सही माझीच, निळ्या शाईत, ठसठशीत.

मग तो मुंद्र्याला बसला.
कधी कागद कमी, कधी शिक्का पुसट,
आणि इकडे आमचे पंप
असेंब्लीत ओळीनं, तोंडं उघडी टाकून,
दंतवैद्याकडे नंबर लागलेल्या माणसांसारखे.

आला एकदाचा. मशीनवर चढवला
तर साठातल्या सतरा केसिंगांना आतून भोकं,
काही मुगाएवढी, काही मसुरीएवढी.
मेल केली.
उत्तर आलं: फोटो पाठवा, शेजारी फूटपट्टी ठेवून.
पाठवला.
पुन्हा पाठवा, उजेड कमी आहे.
मग तिकडे कसलीशी सुट्टी लागली.

तेव्हा मी लाकडी पॅटर्न
जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळला,
ॲक्टिव्हावर पायांच्या मध्ये उभा केला
आणि मकरपुऱ्यात गेले.
अकरा मिनिटं, त्यातली चार सिग्नलला.

जशुभाई पंचालांनी तो मांडीवर घेतला.
बाळाची टाळू चाचपावी तसं बोट फिरत गेलं
आणि एका कोपऱ्यावर अडलं.
"बेन, इथं फार टोकदार आहे.
लोखंडाला एकदम वळ म्हटलं की ते फाटतं."
(ते गुजरातीत बोलतात, मी मराठीत,
मधे कुठेतरी काम होऊन जातं.)
तीन वर्षं ते ड्रॉइंग इतक्या जणांच्या मेलमधून फिरलं,
बोट कुणाचं फिरलं नव्हतं त्यावरून.

त्यांनी मेण लावून कोपरा गोलवला.
मी आमच्या डिझाइनच्या शितोळेला फोन केला.
तो आधी वैतागला, मग गप्प झाला, मग म्हणाला चालेल,
तोवर कटिंग आली होती.

संध्याकाळी रामनिहोरनं लॅडल वाकवली.
साच्याच्या तोंडातून रस आत गेला
आणि दुसऱ्या टोकाला रायझरमध्ये वर आला,
नारिंगी, थरथरता.
मी पर्स छातीशी धरून उभी,
पुढच्या केसांना करपल्याचा वास.

सकाळी वाळू झाडून केसिंग दोरखंडाला टांगलं.
जशुभाईंनी हातोडीनं टिचकी मारली.
बद्द.

खंडेराव मार्केटात आई माठ घ्यायची
तेव्हा असाच बोटाच्या पेरानं वाजवायची,
असा आवाज आला की पुढे निघायची,
माठवाल्याशी एक शब्द न बोलता.

जशुभाईसुद्धा बोलले नाहीत.
घण मागवला. स्वतः फोडलं.
तुकडा उन्हात धरून म्हणाले, कोअर ओला राहिला, माझी चूक.
आणि तुकडे गेले परत भट्टीत,
वीस पावलांवर.

दुसरं, तिसऱ्या दिवशी, खणखणीत.
मी दोनदा वाजवलं. एकदा उगाच.

दर त्यांचा अजूनही जास्तच आहे.
साहेबांनी तेच विचारलं, मीही लपवलं नाही.
थांबलेल्या पंपांचा हिशेब समोर ठेवला,
ते बराच वेळ पेन उघडझाप करत राहिले.

ती सतरा केसिंगं भंगारात काढली
तर जशुभाईंचाच टेम्पो आला न्यायला.
त्यांनी आधी त्यांचा चुरा तपासून घेतला,
मग थोडी थोडी, आपल्या बिडात मिसळून,
वितळवली.
आता त्यातलं कुठलं कुठून आलेलं
ते मलाही सांगता येणार नाही.

नव्या तक्त्यात सगळे आकडे भरले.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
वाजवून घेतलं आहे.
तसंही कुणी वाचत नाही,
म्हणून मराठीतच लिहिलं.